प्रकाश अडवा, प्रकाश जिरवा: धातू-डायइलेक्ट्रिक नॅनोशोषकांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पदवीपर्यंत भौतिकशास्त्र शिकलेल्या आणि या विषयात पहिल्यांदाच शिरणाऱ्या वाचकांसाठी हे प्रश्न निवडले आहेत. गणित कमीत कमी ठेवलंय. जिथे आकडेमोड आहे तिथे ती नुसती वाचू नका, कागदावर करून बघा.

सोनं-चांदी तर आरशासारखी चकाकतात. त्यांच्यापासून प्रकाश गिळणारा पृष्ठभाग कसा तयार होतो?

धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन येणाऱ्या विद्युतक्षेत्राबरोबर लगेच हलतात आणि त्या क्षेत्राला आत शिरू देत नाहीत. जवळच्या अवरक्त प्रकाशात सोन्याच्या आत क्षेत्र जेमतेम २५ नॅनोमीटर पोचतं. एवढ्याशा थरात इलेक्ट्रॉनांच्या धडपडीतून जी उष्णता होते ती थोडीच, म्हणून सोन्याचा सपाट थर अवरक्त प्रकाशाचा दोन-तीन टक्के भाग शोषतो आणि बाकीचा परत पाठवतो.

गावोगावच्या भिंतींवर ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा आपण वाचलेली आहे. इथेही कामं दोनच आहेत. जिरवण्याची सोय धातूत आयती आहे, पण ती संथ आहे. प्रकाशाला तिथे अडवून धरण्याचं काम नॅनोरचनेचं. आणि अडवणं व जिरवणं यांचं प्रमाण जमलं नाही तर प्रकाश वरच्यावर वाहून जातो. या पानावरची बरीचशी उत्तरं याच प्रमाणाभोवती फिरतात.

अनुस्पंदन (रेझोनन्स) होतं म्हणजे नेमकं काय डोलतं?

धातूच्या कणात इलेक्ट्रॉनांचा अख्खा ढग डोलतो. प्रकाशाने तो एका बाजूला ढकलला की दुसऱ्या बाजूला धन प्रभार उघडा पडतो आणि ढगाला मागे खेचतो. या ओढाताणीला स्वतःची एक वारंवारता असते. पाण्यातल्या वीसेक नॅनोमीटरच्या सोन्याच्या कणांसाठी ती ५२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास येते. म्हणजे हिरवा रंग शोषला जातो आणि द्रावण लालभडक दिसतं. मायकेल फॅरेडेने १८५७ मध्ये असं लाल सोनं करून दाखवलं. त्यामागचं गणित गुस्टाव्ह मी याने १९०८ मध्ये मांडलं. त्याच्या कितीतरी आधी, चौथ्या शतकात, रोमन कारागिरांनी लायकर्गस चषक घडवला होता. त्याच्या काचेत सोन्या-चांदीचे अतिसूक्ष्म कण आहेत, त्यामुळे समोरून प्रकाश पडला की चषक हिरवट दिसतो आणि आतून दिवा लावला की लाल. तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

डायइलेक्ट्रिकमध्ये मोकळे इलेक्ट्रॉन नसतात. तिथे प्रकाशाची लाटच कणाच्या आत कोंडली जाते आणि भिंतींवर आपटत फिरते. त्याबद्दल पुढे स्वतंत्र प्रश्न आहे.

चकती, फट आणि आरसा ही रचना सगळीकडे दिसते. ती एकदा आकड्यांसकट समजावून सांगाल?

जर्मनीतल्या श्टुटगार्ट विद्यापीठातल्या गटाने २०१० मध्ये केलेलं उदाहरण घेऊ. तळाला सोन्याचा जाड आरसा, त्यावर मॅग्नेशियम फ्लोराइडचा ३० नॅनोमीटरचा थर आणि त्यावर ओळीने मांडलेल्या सोन्याच्या चकत्या. चकत्यांची जाडी २० नॅनोमीटर, व्यास साधारण ३५० नॅनोमीटर. या रचनेने १.६ मायक्रॉन तरंगलांबीला ९९ टक्के प्रकाश शोषला.

प्रकाश वरून आला की चकतीतले इलेक्ट्रॉन एका बाजूला सरकतात. खालच्या आरशात त्याच क्षणी उलट दिशेने प्रवाह उठतो. वरचा प्रवाह उजवीकडे, खालचा डावीकडे, मध्ये डायइलेक्ट्रिक, असं एक वेटोळं तयार होतं. वेटोळं आलं की चुंबकीय क्षेत्र आलं, म्हणूनच या अनुस्पंदनाला ‘चुंबकीय’ म्हणायची पद्धत आहे. हेच चित्र दुसऱ्या बाजूनेही बघता येतं. चकतीखालच्या फटीत एक चेपलेली लाट आडवी धावते आणि चकतीच्या कडांवरून परत फिरते. हिला गॅप प्लाझमॉन म्हणतात. चकतीच्या रुंदीत अर्धी तरंगलांबी बसली की काम झालं.

आता आकडेमोड. मॅग्नेशियम फ्लोराइडचा अपवर्तनांक १.३८. पण फटीतली लाट वरच्या आणि खालच्या सोन्यातही प्रत्येकी २५ नॅनोमीटर घुसते, त्यामुळे आणखी मंदावते. किती मंदावते याचं ढोबळ गणित असं: दोन्हीकडची घुसखोरी मिळून ५०, तिला फटीच्या ३० ने भागलं की १.६७. त्यात १ मिळवले की २.६७. त्याचं वर्गमूळ १.६३. त्याला १.३८ ने गुणलं की लाटेला जाणवणारा अपवर्तनांक येतो २.२५. १६०० नॅनोमीटरला २.२५ ने भागून निम्मं करा, उत्तर ३५५ येतं. चकतीच्या व्यासाशी हे जवळजवळ जुळतं.

खरं सांगायचं तर इतकं चांगलं जुळायला नको होतं. चकती गोल आहे, चौकोनी पट्टी नव्हे, त्यामुळे उत्तर वाढायला हवं. दुसरीकडे कडांशी क्षेत्र बाहेर सांडतं, त्यामुळे ते घटायला हवं. या दोन दुरुस्त्या इथे एकमेकींना खातात. तरीही पहिल्या अंदाजासाठी हे सूत्र पुरतं, आणि सिम्युलेशन सुरू करायच्या आधी ते प्रत्येकाने वापरावं असं माझं मत आहे. फट अरुंद केली की लाट आणखी मंदावते आणि त्याच चकतीचं अनुस्पंदन लांब तरंगलांबीकडे सरकतं, हेही याच सूत्रातून दिसतं.

धातू जितका जास्त ऊर्जा खाणारा, तितकं शोषण जास्त. बरोबर ना?

नाही. सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे.

अडकलेल्या प्रकाशाला बाहेर पडायला दोन वाटा असतात. एक म्हणजे धातूत उष्णता होऊन संपणं, त्याला क्षय म्हणू. दुसरी म्हणजे ज्या वाटेने आला त्याच वाटेने परत बाहेर पडणं, ती गळती. खाली जाड आरसा असेल तर तिसरी वाट नाही. अनुस्पंदनाच्या टोकाला शोषण किती, याचं उत्तर फक्त या दोन दरांच्या गुणोत्तरावर ठरतं: दोन्ही दरांच्या गुणाकाराची चौपट, भागिले त्यांच्या बेरजेचा वर्ग.

दोन्ही दर सारखे असले की उत्तर १, म्हणजे शंभर टक्के. क्षय गळतीच्या दुप्पट असेल तर ८९ टक्के. तिप्पट असेल तर ७५, नऊपट असेल तर ३६. म्हणजे धातूचा क्षय वाढवत नेला की शोषण वाढायच्या ऐवजी घसरतं आणि पृष्ठभाग पुन्हा आरसा होऊ लागतो. उलट दिशेनेही तसंच: गळती नऊपट असली तरी ३६ टक्केच. या समतोलाला क्रिटिकल कपलिंग म्हणतात.

कारण समजून घ्यायला परत जाणाऱ्या प्रकाशाकडे बघा. त्यात दोन हिस्से असतात: आरशावरून थेट परतलेला आणि आत थोडा वेळ राहून गळालेला. दोघांची तीव्रता सारखी आणि कला (फेज) उलट असली की ते एकमेकांना पुसून टाकतात. आत जास्त क्षय झाला तर गळून आलेला हिस्सा दुबळा पडतो, पुसणं अर्धवट राहतं.

गळती हातात ठेवायचे दोन मार्ग आहेत. डायइलेक्ट्रिकचा थर जाड केला की वरचा आणि खालचा प्रवाह एकमेकांपासून दूर जातात आणि गळती वाढते. चकत्या विरळ मांडल्या की गळती कमी होते. म्हणून एखाद्या रचनेत शोषण ७० टक्क्यांवर अडकलं असेल तर धातू बदलण्याआधी थराची जाडी पाच-दहा नॅनोमीटरने वर-खाली करून बघा. कोणत्या बाजूला आहात ते कळत नसेल तर परावर्तित प्रकाशाची कला तपासा. गळती जास्त असेल तर अनुस्पंदन ओलांडताना कला पूर्ण ३६० अंश फिरते, क्षय जास्त असेल तर थोडी हलून परत जागेवर येते.

आरसा काढून टाकला तर?

मग गळतीला दोन तोंडं फुटतात, वर आणि खाली. एकाच प्रकारचं अनुस्पंदन असलेला पातळ थर एका बाजूने आलेल्या प्रकाशाचा जास्तीत जास्त अर्धा भाग शोषू शकतो. कितीही नक्षी बदला, पन्नास टक्क्यांपुढे जाता येत नाही.

सुटका दोन प्रकारे होते. एकाच वारंवारतेला दोन वेगळी अनुस्पंदनं आणायची, एक विद्युत आणि एक चुंबकीय. प्रत्येक जण अर्धा वाटा घेतो. किंवा प्रकाश दोन्ही बाजूंनी, योग्य कलेने सोडायचा. २०१० मध्ये हा दुसरा विचार कागदावर मांडला गेला आणि २०११ मध्ये येल विद्यापीठात सिलिकॉनच्या पातळ चकतीवर करून दाखवला गेला. त्याला काळ उलटा फिरवलेला लेसर असंही म्हणतात. नाव जरा भडक आहे, पण गणिताला धरून आहे.

इम्पीडन्स जुळवणं आणि क्रिटिकल कपलिंग या वेगवेगळ्या गोष्टी आहेत का?

एकच गोष्ट, दोन बोलीभाषा. रडारवाल्यांची भाषा इम्पीडन्सची: पृष्ठभागाचा इम्पीडन्स मोकळ्या अवकाशाएवढा, म्हणजे सुमारे ३७७ ओहम, झाला की परावर्तन शून्य. सॅलिस्बरी पडदा याच तत्त्वावर चालतो. धातूच्या पत्र्यापासून पाव तरंगलांबी अंतरावर ३७७ ओहमचा रोधक कागद ताणला की झालं. अडचण पाव तरंगलांबीची. चकती-फट-आरसा रचनेत ती फट तरंगलांबीच्या पन्नासाव्या भागाएवढी उतरते, हाच तिचा फायदा.

धातूशिवाय, नुसत्या डायइलेक्ट्रिकने हे जमतं?

जमतं. सिलिकॉनचा अपवर्तनांक दृश्य प्रकाशात चारच्या आसपास आहे. १५० नॅनोमीटरचा सिलिकॉनचा गोळा घेतला तर त्याच्या व्यासात ६०० नॅनोमीटरची लाट, आत आल्यावर चौपट आखडून, नेमकी बसते. विद्युतक्षेत्र गोळ्याच्या आत गोल फिरतं आणि चुंबकीय अनुस्पंदन मिळतं, तेही धातूचं वेटोळं न करता. थोडी तरंगलांबी कमी केली की विद्युत अनुस्पंदनही त्याच कणात सापडतं. गोळ्याऐवजी चपटी दंडगोल चकती घेतली आणि उंची-व्यासाचं प्रमाण बदलत गेलं की ही दोन अनुस्पंदनं एकमेकांवर आणून ठेवता येतात. वर सांगितलेली आरशाविना शंभर टक्क्यांची युक्ती इथेच साधते.

फरक असा की धातूत क्षेत्र कणाच्या कातडीवर आणि फटींत साठतं, डायइलेक्ट्रिकमध्ये कणाच्या पोटात. प्रकाशाने अर्धवाहकातच इलेक्ट्रॉन-होल तयार करायचे असतील, उदाहरणार्थ डिटेक्टरमध्ये, तर पोटातलं क्षेत्र कामाचं. धातूत जिरलेला प्रकाश तिथे वायाच जातो.

सोनं, चांदी, ॲल्युमिनियम की टायटॅनियम नायट्राइड?

अवरक्त प्रकाशासाठी आणि पहिल्या प्रयोगासाठी सोनं. गंजत नाही, आकडे सगळीकडे उपलब्ध आहेत. मात्र ५२० नॅनोमीटरच्या खाली ते स्वतःच निळा-हिरवा प्रकाश शोषायला लागतं. (सोन्याचा पिवळा रंग त्यातूनच येतो.) चांदी दृश्य प्रकाशात सगळ्यांत सरस, पण हवेतल्या गंधकाने काळवंडते, वरून ॲल्युमिनाचं संरक्षक कवच लागतं. ॲल्युमिनियम स्वस्त आहे, अतिनील प्रकाशातही चालतं आणि स्वतःभोवती दोन-चार नॅनोमीटरचा ऑक्साइड थर चढवून तिथेच थांबतं. ८०० नॅनोमीटरच्या आसपास त्याचा क्षय वाढतो.

तापमान चढणार असेल तर सोनं विसरा. त्याचा वितळणबिंदू १०६४ अंश असला तरी नॅनोचकत्यांच्या कडा त्याच्या खूप आधी गोलावतात. टायटॅनियम नायट्राइडचा वितळणबिंदू २९०० अंशांच्या पुढे आहे. ड्रिलच्या बिटवर जो सोनेरी मुलामा असतो तो हाच.

सिम्युलेशनमध्ये ९९.८ टक्के, मोजल्यावर त्याहून बरंच कमी. कुठे चुकलं?

बहुधा कुठेच नाही. ‘परफेक्ट मेटामटेरियल ॲब्सॉर्बर’ हे नाव ज्या २००८ च्या निबंधाने रूढ केलं, त्यातही सूक्ष्मलहरींच्या पट्ट्यात, ११.५ गिगाहर्ट्झला, सिम्युलेशनचं उत्तर ९९ टक्के होतं आणि मोजलेलं ८८. तरीही काही ठिकाणं तपासून घ्यावीत.

सगळ्यात आधी कोन. अवरक्त सूक्ष्मदर्शकातला कॅसेग्रेन ऑब्जेक्टिव्ह मधला प्रकाश अडवतो आणि नमुन्यावर प्रकाश तिरका, साधारण १० ते २५ अंशांच्या शंकूतून पाडतो. तुमचं सिम्युलेशन मात्र बरोबर सरळ प्रकाशाचं आहे. मग संदर्भ: तुम्ही सोन्याच्या आरशाला १०० टक्के धरलंत, तो असतो ९७-९८.

त्यानंतर विखुरणं. शोषण आपण थेट मोजत नाही. १ मधून परावर्तन वजा करतो आणि उरलं ते शोषण म्हणतो. पण चकत्यांची मांडणी विस्कटलेली असेल, किंवा दोन चकत्यांमधलं अंतर तरंगलांबीपेक्षा मोठं असेल, तर प्रकाश कडेला निसटतो आणि ऑब्जेक्टिव्हच्या हाती लागत नाही. हिशेबात तो शोषण म्हणून जमा होतो. म्हणजे मोजमाप सिम्युलेशनपेक्षा चांगलं आलं तर जास्त काळजी करा. इंटिग्रेटिंग स्फिअर, म्हणजे सगळ्या दिशांना विखुरलेला प्रकाश गोळा करणारा पोकळ गोळा, मिळाला तर वापरा.

शेवटी धातू. सिम्युलेशनमध्ये भरलेले सोन्याचे आकडे बहुतेक वेळा १९७२ च्या जॉन्सन-ख्रिस्टी मोजमापांतले असतात. तुमच्या बाष्पीभवन यंत्रातून उतरलेलं सोनं दाणेदार, खडबडीत असतं आणि त्याखाली चिकटपणासाठी दोन-तीन नॅनोमीटर क्रोमियम असतं. क्रोमियम प्रकाश भरपूर खातं, आणि चकतीच्या तळाशी म्हणजे नेमकं जिथे क्षेत्र सगळ्यात तीव्र तिथे ते बसलेलं असतं. क्षय वाढतो, समतोल मोडतो. सिम्युलेशनमध्ये तो थर घालून बघा, दोन आलेख बरेच जवळ येतात.

एका रंगापुरतं नको, अख्खा दृश्य पट्टा शोषायचा आहे. काय करावं?

वेगवेगळ्या आकारांची अनुस्पंदनं शेजारी शेजारी बसवायची. २०११ मध्ये कॅल्टेकच्या गटाने चांदीच्या समलंब चौकोनी नक्षीने ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात सरासरी ७१ टक्के शोषण मिळवलं. प्रत्येक समलंबाची रुंदी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बदलत जाते, म्हणून प्रत्येक रंगाला आपली जागा सापडते.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विवेक पोलशेट्टीवार यांच्या गटाने २०१९ मध्ये केलेलं ‘काळं सोनं’ मला यापेक्षा रोचक वाटतं. सिलिकाच्या तंतुमय गोळ्यांवर त्यांनी सोन्याचे नॅनोकण चढवले. कणांमधली अंतरं सारखी नाहीत. कुठे कण जवळजवळ टेकलेले, कुठे लांब. प्रत्येक अंतराचं अनुस्पंदन वेगळं आणि सगळ्यांची बेरीज म्हणजे दृश्य ते जवळच्या अवरक्तापर्यंत शोषण. सोनं काळं दिसतं. इथे इलेक्ट्रॉन-बीमने नक्षी कोरावी लागत नाही, रसायनाच्या बाटलीत काम होतं.

पातळपणालाही मर्यादा आहे. आदर्श आरशावर बसवलेल्या, चुंबकीय नसलेल्या शोषकासाठी रोझानोव्हने २००० मध्ये एक अट सिद्ध केली. तिचा हिशेब केला तर ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात परावर्तन एक टक्क्यावर आणायला निदान ३५ नॅनोमीटर जाडी लागते, आणि ८ ते १४ मायक्रॉनच्या उष्ण-अवरक्त पट्ट्यात सुमारे ०.७ मायक्रॉन. त्याहून पातळ शोषकाचा दावा दिसला की आधी पट्टा किती रुंद ते विचारा.

व्हँटाब्लॅक हा अतिशय काळा मुलामा याच प्रकारचा आहे का?

नाही. तिथे कार्बन नॅनोट्यूबचं दाट जंगल आहे आणि प्रकाश त्यात भरकटून संपतो. अनुस्पंदन नाही, म्हणून पट्टाही प्रचंड रुंद. मात्र त्याचा थर आपल्या चकत्यांच्या मानाने फारच जाड असतो.

लिथोग्राफीची, म्हणजे नॅनोनक्षी कोरण्याच्या यंत्रांची, सोय नाही. नक्षीशिवाय काही करता येईल?

येईल, आणि सुरुवात तिथूनच करा. सोन्यावर जर्मेनियमचा ५ ते २५ नॅनोमीटरचा सपाट थर द्या. २०१३ मध्ये हार्वर्डच्या गटाने दाखवल्याप्रमाणे नुसती जाडी बदलून गुलाबी, जांभळा, निळा असे रंग उमटतात. नेहमीच्या पाव-तरंगलांबीच्या नियमापेक्षा हा थर खूप पातळ आहे. सोनं आदर्श आरसा नाही आणि जर्मेनियम स्वतः शोषतं, या दोन्हींमुळे परावर्तनाच्या कलेत मिळणारी जास्तीची भर इथे उपयोगी पडते.

दुसरा मार्ग चांदीच्या घनाकृती कणांचा. हे घन रसायनाने बनवायचे, सोन्याच्या थरावर काही नॅनोमीटरचा पॉलिमर चढवायचा आणि घन त्यावर नुसते शिंपडायचे. घन आणि सोनं यांच्यामधली फट आपोआप तयार होते. घनांनी पृष्ठभागाचा थोडासाच भाग झाकला तरी परावर्तन मोठ्या प्रमाणात पडतं, कारण अनुस्पंदनाला कण आपल्या सावलीपेक्षा कितीतरी मोठ्या क्षेत्रावरचा प्रकाश ओढून घेतो.

शोषलेला प्रकाश शेवटी जातो कुठे?

प्लाझमॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या ढगाचं ते डोलणं, दहाएक फेम्टोसेकंदांत विस्कटतो. त्याची ऊर्जा काही मोजक्या इलेक्ट्रॉनांकडे जाते. ते काहीशे फेम्टोसेकंदांत ती इतर इलेक्ट्रॉनांत वाटतात. पिकोसेकंदांत ती धातूच्या जाळीला मिळते, आणि मग उष्णता बनून खालच्या थरात झिरपते. पहिल्या दोन टप्प्यांतच तापलेला इलेक्ट्रॉन शेजारच्या अर्धवाहकात उडी मारू शकला तर त्यातून डिटेक्टर होतो. बहुतेक इलेक्ट्रॉन उडी मारत नाहीत.

गच्चीवरच्या सोलर हीटरच्या काळ्या नळ्यांत हेच विज्ञान आहे?

चुलतभाऊ म्हणा. त्या काचेच्या नळीच्या आत धातू आणि ॲल्युमिनियम नायट्राइडसारख्या डायइलेक्ट्रिकच्या मिश्रणाचे पातळ थर असतात. सूर्यप्रकाशासाठी, म्हणजे साधारण ०.३ ते २.५ मायक्रॉनला, ते काळे. पण गरम पाणी ज्या ८-९ मायक्रॉनच्या आसपास उष्णता फेकतं, तिथे ते आरसा. किर्कहोफचा १८५९-६० चा नियम सांगतो की जी तरंगलांबी पृष्ठभाग शोषत नाही, ती तो फेकतही नाही. म्हणून पाणी रात्रभर गरम राहतं. (निर्वात पोकळीचंही श्रेय आहे.)

हाच नियम उलटा वापरला की नॅनोशोषक तापवून हवा तो रंग बाहेर काढता येतो. २००२ मध्ये फ्रेंच संशोधकांनी सिलिकॉन कार्बाइडवर जाळी कोरून ती तापवली. एरवी चहूकडे पसरणारा उष्णतेचा प्रकाश ११ मायक्रॉनच्या आसपास ठरावीक अरुंद कोनांत बाहेर पडला.

नुसत्या डोळ्यांनी बघून शोषक बनलाय की नाही ते कळतं का?

अवरक्तासाठीचा असेल तर फारसं नाही. १.६ मायक्रॉनला ९९ टक्के शोषणारा पृष्ठभाग डोळ्यांना धातूसारखाच, फार तर किंचित रंग उतरलेला दिसतो. शंभर मायक्रॉनची नक्षी सेंटीमीटरभर चिपवर शोधताना सूक्ष्मदर्शकाखाली तास जातो. त्यामुळे लिथोग्राफीच्या फाइलमध्येच नक्षीभोवती मोठे बाण आणि आकडे काढून ठेवा, चकत्यांचा व्यास प्रत्येक चौकटीशेजारी लिहा, आणि चिपच्या मागच्या बाजूला हिऱ्याच्या पेनाने खूण करा.